मुक्त, फुकट आणि खुलं



'फ्री सॉफ्टवेअर' आणि 'ओपन सोर्स' ही एकाच गोष्टीची दोन नावं, असं आपल्यातले बरेच आयटीवाले धरून चालतात. रोजच्या कामात तसं बिघडतही नाही, कारण बहुतेक प्रोग्राम दोन्हीकडे बसतात. फरक आहे तो कोड खुला कशासाठी ठेवायचा, यात.

१९८० च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरला रिचर्ड स्टॉलमनने एक सोय करून दिली होती: कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप यायचा. नव्याचा सोर्स कोडच मिळेना. कार्नेगी मेलनमधल्या एकाकडे तो होता, पण गुप्ततेच्या करारावर सही केलेली, म्हणून त्याने साफ नाही म्हटलं. गैरसोयीपेक्षा ही सही स्टॉलमनला जास्त झोंबली. शेजाऱ्याला मदत करणार नाही असं लिहून द्यायचं म्हणजे काय! १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, १९८९ मध्ये जीपीएल परवाना आणला. प्रोग्राम हवा तसा वापरा, वाचा, बदला, वाटा. मात्र पुढच्यालाही हेच हक्क द्या. पैसे घ्यायला मनाई नव्हती. खुद्द स्टॉलमन ईमॅक्सची टेप १५० डॉलरला विकायचा!

पण इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की साहेबाला आधी फुकटच ऐकू येतं. (आपल्याकडे मुक्त आणि फुकट हे शब्दच वेगळे. तरी गंमत बघा, 'मुक्तस्रोत' हा शब्द आपण ओपन सोर्सला देऊन टाकला.) जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने ब्राउझरचा कोड खुला करायचं जाहीर केलं. ३ फेब्रुवारीला पालो आल्टोमध्ये काही जण बसले आणि क्रिस्टीन पीटरसनने 'ओपन सोर्स' हे नाव सुचवलं. त्याच महिन्यात एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह काढलं. नीती-अनीतीची चर्चा बाजूला ठेवून कंपन्यांना सांगायचं की यात कोड सुधारतो, खर्च वाचतो. धंद्याच्या दृष्टीने हुशारीच, आणि ती फळलीसुद्धा. पण स्वातंत्र्याचा मुद्दा मागे पडतोय म्हणून पेरेन्स १९९९ मध्येच बाहेर पडला.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, हे टिव्होने दाखवलं. टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा तो डबा अमेरिकेतल्यांनी पाहिला असेल. आत लिनक्स, कंपनी सोर्सही देत होती, अगदी परवान्याप्रमाणे. पण तुम्ही कोड बदलून टाकलात की डबा सही तपासायचा आणि चालायलाच नकार द्यायचा. ओपन सोर्सच्या हिशेबाने सगळं ठीक. स्टॉलमनच्या हिशेबाने ही कुलूपबंद मुक्ती! म्हणून २९ जून २००७ च्या जीपीएल आवृत्ती ३ मध्ये अशी कुलपं रोखणारी कलमं घातली. लिनस टोरवाल्ड्सला ती पटली नाहीत: कोड परत मिळाला की झालं, हार्डवेअरचं काय करायचं ते बनवणारा ठरवेल. लिनक्स कर्नल अजूनही आवृत्ती २ वरच आहे.

इंजिनिअर म्हणून मला लिनसचं म्हणणं सोयीचं वाटतं. पण डबा माझ्या पैशाचा असेल, तर मी स्टॉलमनच्या बाजूचा.