मुखपृष्ठ बघून पुस्तक ठरवू नका

संशोधनासाठी वाचनयादी करताना बरेचजण मुखपृष्ठ बघूनच ठरवतात, हे 'गोष्टीचं', ते 'अभ्यासाचं'. महाभारतावरची दोन पुस्तकं घ्या, 'मृत्युंजय' आणि 'युगान्त'. दोन्ही १९६७ ची. शिवाजी सावंतांच्या कादंबरीत कर्ण, कुंती, वृषाली स्वतः बोलतात. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली. तिच्या आधारे त्या एकेका पात्राची उलटतपासणी घेतात.

मग कर्णासाठी कोणतं वाचायचं? दोन्ही. पण पुरावा म्हणून वापरताना फरक पाळा. महाभारतकालीन समाजाबद्दल 'मृत्युंजय'चा दाखला चालणार नाही. पण १९६० च्या दशकातल्या मराठी लेखकाने कर्ण कसा पाहिला, या प्रश्नासाठी तेच मूळ साधन ठरतं. आणि 'युगान्त' हाही शेवटी लावलेला अर्थच आहे, तो तपासायला मूळ संहितेकडे जावंच लागतं.

मुखपृष्ठ तर आवृत्तीगणिक बदलू शकतं. म्हणून आधी प्रस्तावना उघडा आणि दोन गोष्टी विचारा : लेखकाने आधार कशाचा घेतलाय? आणि माझा प्रश्न नेमका कोणत्या काळाबद्दल आहे?