दाभोळ बंदर आणि महमूद गावान

इराणमधील गिलानचे व्यापारी महमूद गावान १४५३ साली दाभोळ बंदरात उतरले. त्या काळी बहामनी राज्यातील दाभोळ, चौल या बंदरांत इराणी आखातातून घोडे येत आणि इकडून कापड जाई. पुढे हेच व्यापारी राज्याचे वजीर झाले. हेरातचे कवी जामी यांच्यासारख्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १४७२ मध्ये त्यांनी बिदरला इराणी धर्तीचा मदरसा उभारला. त्यात ग्रंथालयही होते. १४८१ साली बनावट पत्रावरून त्यांना देहदंड झाला. मदरशाच्या भिंती मात्र आजही उभ्या आहेत.

पालकहो, ते घोडे गेले, कापडही विरले. विद्येसाठी खर्चलेले तेवढे टिकले. आज आपले बांधव आखातात कमावतात. त्या कमाईतील काही वाटा मुलामुलींच्या शिक्षणासाठी जरूर काढावा.