यिर्मयाच्या ग्रंथांतील द्विरुक्त वादळ

जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहतांना एकच वचन दोन ठिकाणीं आढळलें, म्हणजे त्यांपैकीं एक नकलकाराच्या प्रमादानें शिरलें असावें, असा तर्क आम्ही संशोधक सहज करतों. हा तर्क कितपत चालतो, हें पाहण्यास इब्री शास्त्रांतील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथांत एक उत्तम उदाहरण आहे. तें ईश्वरी कोपाच्या वादळाविषयींचें असल्यामुळें एका प्राचीन प्रतीकाचा इतिहासही त्यांतून उलगडतो.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. वादळाचा स्वामी देव ही कल्पना एकट्या इब्री लोकांची नव्हे. सिरियाच्या किनाऱ्यावर रास शामराजवळ इ. स. १९२८ मध्यें शेत नांगरतांना एक प्राचीन थडगें लागलें. पुढील वर्षीं क्लोद शेफर यांनीं उत्खनन आरंभिलें, आणि ख्रि. पू. १२०० च्या सुमारास नष्ट झालेल्या उगारित नगराच्या मृत्तिकापट्टिका उजेडांत आल्या. त्यांत पर्जन्यदेव बआल यास 'मेघारूढ' हें बिरुद आहे. स्तोत्रसंहितेच्या ६८ व्या स्तोत्रांत यहोवास लाविलेलें बिरुद त्याच अर्थाचें आहे, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. २९ व्या स्तोत्रांत यहोवाच्या वाणीचा, म्हणजे मेघगर्जनेचा, सात वेळां उल्लेख येतो. परंतु तेथें वादळ हें ऐश्वर्याचें चिन्ह आहे. कोणाचा न्यायनिवाडा तेथें होत नाहीं.

संदेष्ट्यांनीं हें चिन्ह न्यायासनापुढें आणिलें. नहूमानें तें निनवे नगरावर योजिलें. तें नगर ख्रि. पू. ६१२ मध्यें पडलें. यिर्मया व यहेज्केल यांनीं तर तें स्वजनांतील खोट्या संदेष्ट्यांवरच फिरविलें.

आतां मूळ प्रश्न. यिर्मयाच्या २३ व्या अध्यायांतील १९ व २० हीं वचनें ३० व्या अध्यायाच्या शेवटीं पुन्हां येतात. फरक थोड्या शब्दांचाच आहे. वादळास पहिल्या ठिकाणीं 'मिथ्होलेल' व दुसऱ्या ठिकाणीं 'मिथ्गोरेर' हें विशेषण आहे. संदर्भ मात्र अगदीं भिन्न. पहिल्या ठिकाणीं लोकांस खोटें अभय देणारे संदेष्टे या वादळाच्या माऱ्यांत सांपडतात. दुसऱ्या ठिकाणीं यरुशलेमाच्या पुनरुद्धाराचें आश्वासन चाललें असून वादळ तिच्या पीडकांवर वळलेलें दिसतें.

दुसरें स्थळ प्रक्षिप्त मानावें काय? यिर्मयाचा प्राचीन ग्रीक पाठ इब्री पाठाहून बराच लहान आहे. इ. स. १९५२ मध्यें सांपडलेल्या कुम्रानच्या चौथ्या गुहेंतील कांहीं इब्री तुकडे त्या लहान पाठाशीं जुळतात. तेव्हां तो केवळ भाषांतरकाराचा संक्षेप नव्हे. द्विरुक्त वचनांपैकीं दुसरें वचन या पाठांत अनेकदां गाळलेलें असतें. हें वादळ मात्र दोन्हीं ठिकाणीं कायम आहे. त्यावरून ही द्विरुक्ति दोन पाठपरंपरा विभक्त होण्यापूर्वींची असावी, असें आम्हांस वाटतें. त्याहून लक्षणीय गोष्ट ही कीं, वादळवाचक एकाच इब्री शब्दास ग्रीकांत प्रथम 'सेइस्मोस' म्हणजे कंप, व पुढें 'ओर्गे' म्हणजे क्रोध, असे प्रतिशब्द आहेत. दुसऱ्या ठिकाणीं वादळ लोपलें आणि त्याचा अर्थ तेवढा उरला.

तथापि 'सआरा' हा वादळवाचक शब्द दिसला कीं दंडच समजावा, हेंही युक्त नव्हे. ईयोबाशीं यहोवा बोलतो तो सआरांतून. आणि आमच्या कोंकणांतील बेने इस्रायल लोक ज्यांस एलीयाहू हन्नबी म्हणून भजतात, ते एलीयाही सआरांतूनच वर गेले. त्या दोघांवर कोप झालेला नाहीं.

तात्पर्य, वादळ कोणावर आलें हें त्या एका शब्दावरून कळत नाहीं. भोंवतालचा मजकूर वाचावा लागतो. म्हणून पोथींतील द्विरुक्त ओळीवर हरताळ फिरविण्यापूर्वीं तिच्या मागचीं व पुढचीं पानें पाहावीं, एवढीच आमची संग्राहकांस विनंति आहे.