नदी, पाऊस आणि गणिताचे अंदाजपत्रक

पुण्याच्या मुठा नदीच्या डाव्या काठावरचे वारजे, एकेकाळचे गाव आणि आजचे दाट वस्तीचे उपनगर, सरकारी पैशावर चालणाऱ्या दोन जुन्या संशोधनसंस्थांच्या मधे येते: नदीच्या वरच्या अंगाला खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आणि उत्तरेला, टेकड्यांपलीकडे, पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. एकीचा विषय नदी आणि दुसरीचा पाऊस असला, तरी दोन्हींच्या आजच्या कामाच्या मुळाशी उपयोजित गणित आहे, म्हणजे निसर्गातील घडामोड समीकरणांत मांडून ती समीकरणे संगणकाला पेलेल अशा आकडेमोडीत उतरवण्याचे शास्त्र. या गणिताला सरकारने पोसले ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या नावाने. नदीसाठी, मोसमी पावसासाठी आणि यंत्रासाठी तरतुदी झाल्या, गणिताच्या स्वतःच्या नावे मात्र फारच थोड्या.

खडकवासल्याच्या केंद्राचा उगम १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी काढलेल्या एका लहानशा विभागात आहे. १९३६ साली ते हिंदुस्थान सरकारने आपल्याकडे घेतले. तेथील मूळ पद्धत प्रतिकृतीची होती. नदीचे पात्र, बंधारा किंवा बंदर ठरावीक प्रमाणात लहान करून उघड्यावर बांधायचे, त्यातून पाणी सोडायचे आणि वाळू कोठे साचते, कोठे खरवडली जाते हे मोजायचे. हेच काम कागदावर करता येईल अशी समीकरणे फ्रेंच अभियंता सँ-व्हेनाँ याने १८७१ मध्येच मांडली होती: पाणी नाहीसे होत नाही हे एक समीकरण सांगते, तर उतार, घर्षण आणि दाब यांमुळे त्याचा वेग कसा बदलतो हे दुसरे सांगते. परंतु खऱ्या नदीच्या वेड्यावाकड्या पात्रासाठी ती सूत्राने सुटत नाहीत, म्हणून नदीचे लहान लहान तुकडे पाडून आणि काळाची लहान लहान पावले टाकून उत्तराजवळ जावे लागते, आणि एवढी आकडेमोड हाताने करणे व्यवहारात शक्य नव्हते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले आणि मुठेच्या दोन्ही काठांची दैना करीत पाणी पुण्यात शिरले. धरणफुटीची लाट हा या गणितातील अवघड प्रश्नांपैकी एक आहे, कारण लाटेच्या तोंडाशी पाण्याची खोली एकदम उडी घेते आणि साध्या आकडेपद्धती नेमक्या तेथेच खोट्या लाटा दाखवू लागतात. त्या उडीला न बिचकणाऱ्या पद्धती शोधणे हे अभियंत्यापेक्षा गणितज्ञाचे काम आहे, आणि अशा कामाला कोणत्या खात्यातून पैसा द्यायचा हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

अमेरिकेने त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच दिले होते. १९५० साली एनिअॅक या सुरुवातीच्या संगणकावर हवामानाचा पहिला आकडेमोडी अंदाज काढण्यात आला, त्यामागे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचा गट आणि नौदलाचा निधी होता. पुढे अणुऊर्जा आयोगाने उपयोजित गणितासाठी स्वतंत्र कार्यक्रमच चालवला. हेतू अर्थातच निर्मळ नव्हता, पण गणिताला तेथे स्वतःचे शीर्षक मिळाले.

याच्या उलट पुण्यातील उदाहरण गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, १९४३ साली, त्यांनी यदृच्छ चढउतार होणाऱ्या राशीचे स्वतंत्र घटकांत पृथक्करण करण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि जगात त्यांच्याच नावाने ती रूढ झाली. आज हवामानाच्या नोंदींतील मुख्य आकृतिबंध ओळखण्यासाठी तिच्याच जातीचे तंत्र वापरतात. ज्या गणितामागे कोणतीही सरकारी योजना नव्हती ते सर्वांत दूर पोचावे, हा योगायोग शासनाच्या नजरेस आला असे दिसत नाही. कोसंबी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, ज्या संस्थेने टिफ्रॅक हा संगणक देशातच बांधला. अणुऊर्जा विभागाने १९८३ साली उच्च गणितासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापले, तेही मुख्यतः शुद्ध गणिताच्या अंगाने वाढले.

पुण्यात पैसा मोठ्या प्रमाणावर आला तो यंत्रासाठी. बड्या अमेरिकी महासंगणकांच्या विक्रीवर निर्बंध आले, तेव्हा केंद्र सरकारने १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, सुरू केले आणि संगणकशास्त्रज्ञ विजय भटकर यांच्या हाती ३ वर्षे आणि सुमारे ३० कोटी रुपये दिले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याची युक्ती अशी होती की एका बलाढ्य प्रक्रियकाऐवजी अनेक साध्या प्रक्रियकांना काम वाटून द्यायचे. मात्र समीकरण असे वाटता येण्याजोगे करणे हे पुन्हा गणितच होते, जे यंत्राच्या किमतीत मोजले गेले नाही. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला ७ वर्षांसाठी ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले, तर विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या ‘मॅट्रिक्स’ योजनेत एकेका गणितज्ञाला ३ वर्षे दरसाल २ लाख रुपये मिळत. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण गणितज्ञाला खर्च कमी लागतो. तरी धोरणाचा कल त्यांतून लपत नाही.

पाषाणच्या संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा ‘अर्क’ बसला. पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर १५ शून्ये इतक्या आकडेमोडी. मे २०२५ मध्ये त्यावर चालणारी ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ सुरू झाली, जिच्यात अंदाजाच्या जाळीचे घर १२ किलोमीटरांवरून ६ वर आले. ही सुधारणा केवळ दुपटीची वाटते, पण घर निम्मे केले की क्षेत्रफळातील घरे चौपट होतात, आणि कूरंट, फ्रीडरिक्स व लेवी यांनी १९२८ साली दाखवलेल्या मर्यादेनुसार काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे खर्च आठपट होतो. यंत्राची शक्ती वाढवून हा खर्च भागतो, किंवा जाळीची रचना बदलून तो कमी करता येतो. या प्रणालीतील त्रिकोणी-अष्टफलकी जाळी हा दुसऱ्या मार्गाचा नमुना आहे. तिची कल्पना मात्र युरोपीय देशांनी संयुक्त वर्गणीतून इंग्लंडमधील रेडिंग येथे चालवलेल्या केंद्रातून आली, जेथे ती २०१६ पासून वापरात आहे. मुठेच्या उगमाकडील घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळत असताना वारज्यात नुसती भुरभुर असू शकते आणि दोन्हींमधले अंतर जाळीच्या मोजक्याच घरांचे आहे, त्यामुळे खडकवासल्यातून विसर्ग किती वाढवायचा आणि नदीकाठच्या वस्तीला केव्हा सावध करायचे, हे ठरवताना घराची लांबी थेट हिशेबात येते.