‘एत्रेताच्या किनाऱ्यावरील होड्या’: क्लोद मोने, १८८५

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याचे हे तैलचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील एत्रेता या मासेमारीच्या गावी १८८५ च्या शरद ऋतूत त्याचा मुक्काम होता. हवा बिघडली की तो हॉटेलच्या खिडकीतून समोरचा किनारा रंगवीत असे. हे चित्र त्याच मुक्कामातले आहे.

एत्रेताला बंदर नव्हते. होड्या रहाटाला दोर बांधून गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागत आणि हा रहाट अनेकदा स्त्रिया फिरवीत. समुद्रात नेण्याजोगी न उरलेली होडीही वाया जात नसे. तिला डांबर फासून, वर गवताचे छप्पर शाकारून जाळी व दोर ठेवण्याची खोपी केली जाई. अशा होडीस ‘कालोज’ म्हणत. रंगीत, कामाच्या होड्यांबरोबर या काळ्या कालोजही चित्रात आहेत.

१८७४ मध्ये पॅरिसमधील प्रदर्शनाने पुढे आलेल्या दृक्प्रत्ययवादाची ओळख क्षणोक्षणी बदलणारा प्रकाश टिपणारी शैली अशी आहे. या चित्राचे मोल मात्र तेवढ्यावर थांबत नाही. एत्रेता तोवर पॅरिसकरांचे सुटीचे ठिकाण झाले होते. कोळ्यांचे उपजीविकेचे साधन पाहुण्यांसाठी देखावा ठरू लागले होते आणि खिडकीत बसलेला मोनेही पाहुणाच होता. तरीही डांबर, छप्पर आणि ओढून ठेवलेल्या होड्यांची दाटी यांमधून गावाचा व्यवसाय चित्रात उतरला आहे.

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्यांना हे स्थित्यंतर परके नाही. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांमुळे आखाती मोत्यांचा व्यापार कोसळला आणि त्यावर जगणाऱ्या गलबतांचे काम गेले. दुबईच्या खाडीत आजही ‘धाऊ’ प्रकारची लाकडी जहाजे माल भरताना दिसतात; त्याच खाडीत रोषणाई केलेल्या धाऊंवर पर्यटकांना रात्रीचे जेवण वाढले जाते. अबू धाबीच्या लूव्र संग्रहालयाने ओर्से संग्रहालयाच्या सहकार्याने २०२२-२३ मध्ये दृक्प्रत्ययवादाचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा ही चित्रपरंपरा या किनाऱ्यावरच पाहता आली.

मराठी प्रेक्षकाला छपराची होडी कोकणाची आठवण करून देईल. तिथेही पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. मात्र ते छप्पर तात्पुरते असते. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाली की होडी पुन्हा पाण्यात जाते. एत्रेताच्या कालोजचे छप्पर ती कायमची किनाऱ्याला लागल्याची खूण आहे. मोनेच्या चित्रात कामाची होडी आणि निवृत्त होडी या फरकाने ओळखता येतात.