कार्यालयीन ई-मेल आणि सहकाऱ्यांमधील माहितीची देवाणघेवाण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कार्यालयाचा इतिहास हा पुष्कळ अंशी कागदाचा इतिहास आहे. पत्र आले की बारनिशीत त्याची नोंद व्हावी, त्याला आवक क्रमांक मिळावा, ते नस्तीत लागावे आणि टिप्पणीसह एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जावे, या रीतीत माहिती कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग आपोआप राहत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकीय टपालाने ही रीत मोडली. सहकाऱ्याला माहिती कळविणे अतिशय सुलभ झाले. परंतु अशी माहिती ‘अभिलेख’ ठरते काय, आणि सुलभ झाले म्हणून सहकारी ती एकमेकांना देतातच काय, हे दोन प्रश्न नव्याने उभे राहिले. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकेतील दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

आरंभीचा काळ :

१९६५ मध्ये एमआयटी या संस्थेत टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी एकाच मोठ्या संगणकाच्या वापरकर्त्यांना परस्परांसाठी निरोप ठेवता यावा म्हणून ‘मेल’ ही आज्ञावली लिहिली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट जाळ्यावरून एका यंत्रावरील निरोप दुसऱ्या यंत्रावर पोहोचविला. ही दोन्ही यंत्रे शेजारी-शेजारीच उभी होती. ‘प्रति’, ‘प्रेषक’, ‘विषय’ ही कार्यालयीन ज्ञापनाची जुनी चौकट या नव्या टपालाने जशीच्या तशी उचलली. कार्बन कागद हद्दपार झाल्यावरही ‘सीसी’ ही अक्षरे टिकून राहिली, हे या वारशाचे बोलके उदाहरण होय. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने ‘प्रॉफ्स’ ही प्रणाली बाजारात आणली. निरोप, दस्तऐवज आणि भेटींची दिनदर्शिका या तिन्ही गोष्टी त्यामुळे एकाच पडद्यावर आल्या.

‘प्रॉफ्स’ आणि नोंदीचा प्रश्न :

व्हाइट हाउसमधील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही प्रणाली स्वीकारली. परिषदेतील कागद सामान्यतः सचिवालयामार्फत वर जात. ऑगस्ट १९८५ मध्ये उपसल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी ऑलिव्हर नॉर्थ यांना ‘प्रायव्हेट ब्लँक चेक’ या शीर्षकाखाली थेट आपल्याशी निरोपव्यवहार करण्याची वाट मोकळी करून दिली. सहकाऱ्यांना माहिती पोहोचावी म्हणून आणलेले साधन सहकाऱ्यांना वगळण्याच्याही कामी येते, हे येथे प्रथमच इतके ठळकपणे दिसले.

नोव्हेंबर १९८६ मध्ये इराणला झालेली शस्त्रविक्री आणि तिच्यातील पैसा निकाराग्वातील ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांकडे वळविल्याचे प्रकरण बाहेर आले. तेव्हा पॉइंडेक्स्टर यांनी आपल्या ५,०६२ निरोपांपैकी ५,०१२, तर नॉर्थ यांनी ७५८ पैकी ७३६ निरोप पुसून टाकले. कळ दाबली की निरोप कायमचा गेला, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात संगणक विभागाने नित्याप्रमाणे घेतलेल्या प्रतिफिती शाबूत होत्या. त्यांच्यावरून परत मिळविलेले निरोप फेब्रुवारी १९८७ च्या टॉवर आयोगाच्या अहवालात महत्त्वाचा पुरावा ठरले.

खरा वाद पुढेच आहे. रेगन यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, १९ जानेवारी १९८९ रोजी, पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ ही बिगरसरकारी संस्था यांनी या फिती पुसल्या जाऊ नयेत म्हणून न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी त्याच दिवशी मनाई हुकूम दिला. महत्त्वाचा निरोप छापून फाइलीत लावला की पुरे, उरलेली प्रत टाकाऊ, असे सरकारचे म्हणणे होते. रेगन, बुश आणि क्लिंटन या तिन्ही प्रशासनांनी हीच बाजू लावून धरली. म्हणजे या एका मुद्द्यावर पक्षभेद उरला नव्हता! न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी जानेवारी १९९३ मध्ये हे म्हणणे अमान्य केले आणि ऑगस्ट १९९३ मध्ये अपील न्यायालयानेही तेच मत दिले. निरोप नेमका कोणाकोणाला गेला आणि कोणत्या वेळी पोहोचला, हे छापील प्रतीत उतरतेच असे नाही. प्राप्तकर्त्यांच्या जागी पुष्कळदा केवळ यादीचे नाव छापले जाई. कोणत्या अधिकाऱ्याला कोणती गोष्ट केव्हा ठाऊक होती, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा मूळ प्रश्न असल्याने या निर्णयाचे मोल केवळ कायद्यापुरते नाही.

भारतात १९९३ च्याच सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाने तयार केलेली सामग्री अभिलेखाच्या व्याख्येत आणली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा नामोल्लेखच आहे. महाराष्ट्राचा स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चाच.

‘लोटस नोट्स’ आणि देण्याची इच्छा :

रे ओझी यांनी इलिनॉय विद्यापीठात शिकत असताना ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवरील सामायिक टिपणवही पाहिली होती. तीच कल्पना घेऊन त्यांनी व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली ‘लोटस नोट्स’ ही प्रणाली १९८९ च्या अखेरीस विक्रीस आली. टपालाच्या जोडीने यात सर्वांना वाचता व लिहिता येतील असे माहितीसंग्रह होते. गावोगावच्या कार्यालयांतील त्यांच्या प्रती आपोआप एकमेकींशी जुळवून घेतल्या जात. माहिती एका व्यक्तीच्या पेटीत न राहता गटाची व्हावी, हा यामागील हेतू होता. आयबीएमने १९९५ मध्ये लोटस कंपनी सुमारे साडेतीन अब्ज डॉलर्सना विकत घेतली, ती प्रामुख्याने या प्रणालीसाठी. २०१९ मध्ये हीच प्रणाली भारतातील एचसीएल कंपनीच्या मालकीची झाली.

मात्र हेतू आणि व्यवहार यांत अंतर राहिले. एमआयटीच्या वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत या प्रणालीच्या वापराचा अभ्यास करून १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. कंपनीचे नाव त्यांनी दिलेले नाही. ही प्रणाली नेमकी कशासाठी, हेच अनेक सल्लागारांना उमगले नव्हते. त्यांच्या लेखी ती टपालाची सुधारलेली आवृत्ती होती. ती शिकण्यात गेलेला वेळ कोणत्या ग्राहकाच्या बिलात दाखवावयाचा, ही दुसरी अडचण. कारण तेथे प्रत्येक तासाचा हिशेब द्यावा लागे. सर्वांत मोठा अडसर बढतीच्या पद्धतीचा होता. ठरावीक काळात वर चढावे, नाहीतर कंपनी सोडावी, असा दंडक असलेल्या ठिकाणी आपले खास ज्ञान शेजारच्या स्पर्धकाला फुकट कोण देणार? याच कंपनीतील तंत्रज्ञ विभागाने मात्र प्रणालीचा मनापासून उपयोग केला. आपल्या अडचणी आणि त्यांवरील उपाय ते सामायिक संग्रहात नोंदवीत. त्यांना तासांचे बिल लावावयाचे नव्हते आणि त्यांच्यात तशी चुरसही नव्हती.