वीस मिलिग्रॅमचा प्रश्न

कर्करोगावरील रासायनिक औषधांची मात्रा ठरविण्याची रीत सरळ, पण कठोर होती. प्रथम थोड्या रुग्णांस अल्प मात्रा द्यावयाची, पुढच्यांस तिच्याहून अधिक. शरीरास ती असह्य झाली कीं एक पायरी मागें येऊन थांबावयाचें. औषध म्हणजे विषच; तें जितकें सोसवेल तितकी रोगाची हानि अधिक, असा त्यामागील हिशेब. प्रतिपिंडांस मात्र हा हिशेब लागू पडला नाहीं.

प्रतिपिंड म्हणजे परक्या पदार्थास नेमकेपणानें चिकटणारें, शरीरांतच निर्माण होणारें प्रथिन. १८९० सालीं बर्लिनमध्यें बेरिंग व कितासातो यांनीं दाखविलें कीं, धनुर्वाताचें विष पचविलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवांत दुसऱ्या प्राण्यास त्या विषापासून वाचविण्याचें सामर्थ्य असतें. पांचच वर्षांनीं फ्रान्समध्यें एरिकूर व रिशे यांनीं कर्करोगाच्या गांठीचा अर्क टोंचलेल्या प्राण्यांचा रक्तद्रव रुग्णांस देऊन पाहिला. आशा मोठी होती. हातीं टिकाऊ असें कांहीं लागलें नाहीं. लागणार तरी कसें? त्या द्रवांत नाना जातींचीं प्रतिपिंडें कालवलेलीं असत. एकाच जातीचें प्रतिपिंड हवें तितकें निर्माण करण्याची युक्ति १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर व मिलस्टाइन यांस साधली.

निवोलुमॅब हें त्या युक्तीच्या वंशांतलें औषध. शरीरांतील लढाऊ टी-पेशींवर पीडी-१ नांवाची एक कळ असते. धूर्त कर्करोग ती दाबून त्या पेशींस निजवितो. निवोलुमॅब त्या कळीवर जाऊन बसतें आणि रोगाचा हात तेथें पोंचूं देत नाहीं. तें स्वतः कोणास मारीत नाहीं, केवळ जागा अडवितें. सर्व आसनें भरलेल्या नाट्यगृहाचीं आणखी तिकिटें विकून खेळ अधिक रंगत नसतो.

२०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील पहिल्या चाचणींत असेंच कांहीं दिसलें. ३९ रुग्णांस शरीराच्या दर किलो वजनास ०.३ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा दिल्या. असह्य ठरेल अशी मात्रा सांपडलीच नाहीं. आणि मात्रा लहान असो वा मोठी, टी-पेशींवरील बहुतेक कळा दोन महिने वा अधिक काळ झांकलेल्या राहिल्या. साठ किलोच्या माणसास ०.३ चा हिशेब अवघा अठरा मिलिग्रॅम होतो.

तरीही प्रचारांत आली ती दर किलोस ३ मिलिग्रॅम, पुढें सरसकट २४० मिलिग्रॅम, दर पंधरवड्यास. यास आधार नव्हता असें नव्हे. फुप्फुसाच्या कर्करोगांत १ पेक्षां ३ मिलिग्रॅमनें अधिक रुग्णांस गुण आला होता. डोकें व मान यांच्या कर्करोगांतही २०१६ च्या ३६१ रुग्णांच्या चाचणींत वर्षभर जगणाऱ्यांचें प्रमाण १६.६ वरून ३६ टक्क्यांवर गेलें. पण किंमत! मेहकर तालुक्यांतील हिवरा आश्रमासारख्या गांवाहून तोंडाचा कर्करोग घेऊन मुंबईस निघणाऱ्या कुटुंबास हें औषध असून नसल्यासारखेंच.

परळ येथें १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत ही अडचण रोजची. तेथील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश व त्यांचे सहकारी यांनीं डोकें व मान यांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेले १५१ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट पाडले. दोन्ही गटांस मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या पोटांत घ्यावयाच्या स्वस्त गोळ्या. एका गटास त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनीं निवोलुमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांत रूढ रीतीनें ७२० मिलिग्रॅम जातें, येथें ४० गेलें.

निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकीं वर्षाअखेर १६.३ टक्के हयात होते, निवोलुमॅब घेणाऱ्यांपैकीं ४३.४ टक्के. तीव्र उपद्रव वाढले नाहींत. उलट ५० टक्क्यांच्या जागीं ४६.१ टक्के आढळले. हे आंकडे वाचतांना हर्ष होतो, पण त्यांची मर्यादाही पाहिली पाहिजे. ४३.४ हा आंकडा २०१६ च्या ३६ टक्क्यांशेजारीं मांडून चालणार नाहीं, कारण रुग्ण निराळे व जोडीचीं औषधेंही निराळीं. अल्प मात्रा कांहींच न देण्यापेक्षां पुष्कळ बरी, एवढें परळच्या चाचणीनें दाखविलें. वीस मिलिग्रॅम व दोनशें चाळीस मिलिग्रॅम यांस तिनें समोरासमोर उभें केलेंच नव्हतें.